विषय : बॉक्स बदलून द्या आणि मोठ्या प्लॅनचे १,६०० रुपये परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या केंद्राशी सातव्यांदा बोलले. आता फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात जानेवारी २०२५ मध्ये तुमचं फायबर आलं, सोबत टीव्हीचा बॉक्स आला. दुसऱ्या दिवसापासून तक्रार एकच आहे : पैसे भरून घेतलेल्या ॲपवर चित्र धूसर दिसतं. माझी आई ८९ वर्षांची आहे. ती म्हणते, "सगळ्यांच्या तोंडावर साय धरल्यासारखी दिसते गं." मालिकेच्या सुरुवातीला येणारी नावं तिला वाचायची असतात. ती तिला वाचता येत नाहीत आणि मलाही येत नाहीत. त्याच बॉक्सवर, त्याच टीव्हीवर यूट्यूबवरचं कीर्तन लावलं की बुवांच्या पगडीची घडी न् घडी दिसते.

एवढं ऐकल्यावर तुमच्या माणसाला दोष कळायला हवा होता. लाइन तीच, तार तीच, टीव्ही तोच. कीर्तनाला पुरणारा वेग मालिकेला का पुरू नये?

फेब्रुवारीत मला सांगितलं की १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेगाचा प्लॅन छोटा आहे, ३०० चा घ्या, चित्र सुधारेल. घेतला. महिन्याला ४०० रुपये जास्त, मार्च ते जून. चित्रात काडीचा फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ ते २५. मोठा प्लॅन घेतला की चित्र चांगलं दिसतं असं पुष्कळ लोकांना वाटतं. त्यांना ते वाटू शकतं, पण तुम्ही त्याच गैरसमजावर प्लॅन विकायचा नाही. त्यातून तुमच्या बॉक्सचं तारेचं पोर्टच १०० चं आहे. वाड्याच्या भिंती दीड फुटी, वायफाय आईच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून माळ्यावरून तार मी स्वतः ओढली आणि टोकांना कनेक्टरही मीच बसवले. टेलिफोन खात्यात ३३ वर्षं काढली आहेत. प्लॅन बदलण्याआधी बॉक्सवर वेग मोजला तो ९३ आला, बदलल्यावर मोजला तर ९४. उरलेले दोनशे त्या पोर्टातून आत शिरूच शकत नाहीत, आणि त्यांचे पैसे तुम्ही चार महिने घेतलेत.

खरं कारण मे महिन्यात मी आणि माझ्या भाच्याने शोधलं. मालिका आणि सिनेमे चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलूपबंद होऊन येतात. ते कुलूप यंत्राच्या चिपमध्ये सुरक्षित उघडत असेल तर त्याला वाइडवाइन या गूगलच्या कुलूप-पद्धतीचा एल-वन दर्जा मिळतो, नुसत्या सॉफ्टवेअरने उघडत असेल तर एल-थ्री. एल-थ्री यंत्राला मोठी ॲप साधारण ४८० रेषांचंच चित्र देतात, लाइन कितीही वेगवान असो. यूट्यूबवरच्या फुकट व्हिडिओला हे कुलूप नसतं. तुमचा बॉक्स एल-थ्री आहे. तपासणीच्या पडद्याचा फोटो जोडला आहे. सेटिंगमध्ये फोर-के दिसतं हे मला दोनदा ऐकवलं गेलं. ते बॉक्सने टीव्हीला ताणून दिलेलं चित्र आहे, आलेलं चित्र ४८० चंच आहे.

कालचं संभाषण मी फोन ठेवल्याबरोबर वहीत उतरवून ठेवलं. मी बॉक्सचा दर्जा सांगायला सुरुवात केली, तोच तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "माँजी, घर में कोई बच्चा हो तो उसको फोन दीजिए." मी म्हटलं, कनेक्शन माझ्या नावावर आहे, माझ्याशीच बोला. ११ मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आल्यावर म्हणाला, "बारिश का मौसम है, सिग्नल वीक आता है." पावसाने छत्रीच्या डिशचा सिग्नल जातो, कारण तो आकाशातून येतो. तुमच्या फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, त्याला पावसाचं काय? हे मी त्याला समजावत होते. त्याने पुरतं ऐकूनही न घेता सांगितलं, "आप ५०० वाला प्लान ले लीजिए, पिक्चर एकदम क्लियर हो जाएगी." आणि मी बोलत असतानाच मोबाइलवर मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी अजून लाइनवर होते!

आयुष्यभर मी लोकांच्या लाइनच्या तक्रारी ऐकल्या आहेत. फोन दुसऱ्याला द्या असं एकाही म्हाताऱ्या माणसाला मी कधी म्हटलं नाही.

आणखी एक. १४ फेब्रुवारीला महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना इथेच कोटंबीला होता. रिचा घोष षटकार मारायची, शेजारी डिशवर आरडाओरडा व्हायचा, आणि आमच्याकडे अर्ध्या मिनिटाने चेंडू पडायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंटरनेटवर थेट प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि दोन-तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय चित्र सुरू होत नाही, त्यामुळे उशीर होतोच. तक्रार ही आहे की ३०० च्या प्लॅनने तो उशीर जाईल असंही मला सांगितलं होतं.

एल-वन दर्जाचा बॉक्स द्या. १,६०० रुपये परत करा, प्लॅन पुन्हा १०० चा करा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्या वाड्यात चार घरांनी माझ्या शब्दावर तुमचं कनेक्शन घेतलं. त्या चौघांचेही बॉक्स मी तपासले, चारही एल-थ्री निघाले. त्यांना तोंड मला दाखवावं लागतं.

बॉक्स बदलायला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सात ते आठ सोडून पाठवा. ती आईच्या मालिकेची वेळ आहे.

तुमची ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे
५ जुलै २०२५