उद्यानाची वाट खुली करून देणाऱ्या अभियंता मॅडमना अनावृत आभारपत्र

माननीय कनिष्ठ अभियंता मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातील पालिकेच्या उद्यानात दिव्यांग व्यक्तीला व तिच्या मदतनिसाला विनाशुल्क प्रवेश देण्याचा ठराव संमत झाला, आणि त्याच्या जोडीने फाटक, रॅम्प व पायवाट यांची कामेही पूर्ण झाली, याबद्दल आमच्या कुटुंबाच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपले नाव येथे लिहिलेले नाही, कारण सेवेत असलेल्या व्यक्तीचे जाहीर कौतुक कधीकधी तिलाच अडचणीचे ठरते. उत्तर गोव्यातील आम्हा पालकांना मात्र ते चांगले ठाऊक आहे.

माझी लेक सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरते. उद्यानाच्या तिकिटाचे पैसे आमच्या वाटेत कधीच आले नव्हते. मोकाट गुरे आणि दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वारावर बसवलेले पाइपांचे नागमोडी अडसर तिची खुर्ची रोखत होते. शेजारच्या लहान फाटकाला कुलूप असे, किल्ली मुकादमाकडे असे आणि संध्याकाळी, म्हणजे ऊन उतरून मुले खेळायला येण्याच्या नेमक्या वेळी, मुकादम घरी गेलेला असे. "मुलीला उचलून आत न्या" असे आम्हाला सांगण्यात आले होते. वयात आलेल्या मुलीला चारचौघांत परक्या माणसांनी उचलावे, ही कल्पनाच तिला आणि आम्हाला असह्य होती.

आमचा अर्ज आपल्याकडे आला, तेव्हा आपण केवळ शेरा न मारता जागेवर आलात. माझ्या लेकीला खुर्चीत बसू देऊन आपण टेप लावलात. खुर्चीची रुंदी सुमारे 65 सेंटिमीटर भरली, पण ती स्वतःच्या हातांनी चाके फिरवते तेव्हा तिचे कोपर दोन्ही बाजूंना बाहेर येतात, हे पाहून वाट निदान 90 सेंटिमीटर मोकळी हवी असे टिपणात लिहिलेत. फाटकाची कडी कोठे बसवावी हे आपण मला नव्हे, तिला विचारलेत. तिने हात लांब करून दाखवला, आणि आपण तेथेच खडूने खूण केलीत. आज त्या खुणेवर बसवलेली कडी ती स्वतः काढते, फाटक आपोआप मिटते आणि गुरेही बाहेरच राहतात.

रॅम्पचे काम तर मला फार मोलाचे वाटते. चौथरा 45 सेंटिमीटर उंच. पूर्वी तेथे नावापुरता ओतलेला काँक्रीटचा उतार एवढा उभा होता की खुर्ची चढवताना दम लागे आणि उतरवताना ती हातातून सुटेल या भीतीने जीव मुठीत धरावा लागे. उंचीच्या एका भागाला लांबीचे बारा भाग, या प्रमाणानुसार तेथे 5.4 मीटर लांबीचा उतार लागतो, हे आपण ठेकेदाराला समजावून सांगितलेत आणि जागा अपुरी पडते असे तो म्हणू लागल्यावर मधल्या सपाट टप्प्यावर वळण घेऊन ती मिळवून दिलीत. आपल्याकडच्या पावसात चिऱ्यावर आणि गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरते, म्हणून पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडून घेतल्यात. त्यांचे महत्त्व खुर्ची ढकलणाऱ्यालाच कळेल.

तिकीटमाफीच्या ठरावातही आपली दृष्टी दिसते. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. स्वमग्नता, थॅलेसेमिया किंवा ऐकू न येणे खिडकीतल्या कर्मचाऱ्याला दिसत नाही, आणि मग "तुम्ही तर धडधाकट दिसता" हे वाक्य रांगेत सर्वांसमोर ऐकावे लागते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, दाखवले की पुढे प्रश्न विचारायचा नाही, असे आता खिडकीवर लिहून लावले आहे. मदतनिसाचेही तिकीट माफ केल्याने ही सवलत खरोखर उपयोगी पडते, कारण अनेकांना सोबत्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. अमेरिकेत कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेल्या नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास विनामूल्य मिळतो; आपल्या लहानशा शहरानेही स्वतःच्या ऐपतीत तसेच पाऊल उचलले, याचा मला अभिमान वाटतो.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव भरला, तेव्हा आपल्या राज्यात एवढी माणसे एकत्र, मोकळेपणाने वावरू शकतात हे पाहून आमचे डोळे भरून आले होते. परंतु उत्सव संपतो आणि मुलीला एखाद्या साध्या मंगळवारी झोपाळ्यापाशी जावेसे वाटते. सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे. तरीही निकालपत्रातून फाटकाची कडी बसत नाही; त्यासाठी आपल्यासारख्या कुणीतरी टेप घेऊन यावे लागते.

एक विनंती मात्र राहिली आहे. उद्यानातील स्वच्छतागृहाचे दार आतल्या बाजूस उघडते, त्यामुळे खुर्ची आत गेल्यावर ते लावता येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारे केल्यास मुली व स्त्रियांची मोठी अडचण दूर होईल. तसा अर्ज आम्ही पालकांनी सह्या करून कार्यालयात दिला आहे. मापासाठी आपण याल, तेव्हा माझी लेक खुर्चीसह हजर राहील, असा तिने आपल्याला निरोप दिला आहे.

आपली कृतज्ञ,
एक आई