तुमचं तुम्हीच सांगून ठेवा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई म्हणते, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नकोस," आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात. म्हणून पत्र लिहितेय. पत्र बाबा दोनदा वाचतात आणि आईलाही वाचून दाखवतात.

तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात, तोवर एक गोष्ट लिहून ठेवा. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि तुम्हाला बोलताही येईनासं झालं, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, एवढंच. याला लिव्हिंग विल म्हणतात. घर, जागा, दागिने यांचा त्यात काही संबंध नाही, ते मृत्युपत्र वेगळं.

आप्पाकाकांचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी शेवटी ते कुणाला ओळखत नव्हते. नळ्या ओढून काढू नयेत म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेले, मनगटावर वळ उठलेला. बाहेर बाकड्यावर काकू, दोन्ही मुलं, जावई. डॉक्टर रोज विचारायचे, "पुढं काय करायचं, तुम्ही ठरवा." थोरला म्हणायचा, आता हाल थांबवू या. धाकट्याला वाटायचं, मशीन काढणं म्हणजे आपल्या हाताने बापाला मारणं. दोघंही मायेपोटीच बोलत होते. पण आप्पांना स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते दोघे भाऊ आजही एकमेकांशी धड बोलत नाहीत. मला आणि दादाला त्या बाकड्यावर तसं बसायचं नाहीये.

बाबा, तुम्ही म्हणाल, हे कायद्यात बसतं का? बसतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या बातम्या तुम्हीच आम्हाला वाचून दाखवायचात. १९७३ साली हल्ला झाल्यापासून २०१५ साली जाईपर्यंत त्या केईएममध्येच भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे उपचार थांबवायला नकार दिला, पण अशा स्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम आधार काढता येतो, हे मान्य केलं. केईएमच्या नर्सेसनी त्यांना इतकी वर्षं जीव लावून सांभाळलं, त्याला तोड नाही. पण अरुणाताईंना काय हवं होतं हे त्यांना कधीच सांगता आलं नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला की सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. तेव्हा त्या कागदावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आई, तुझ्या माहेरी विजापूरकडेही हे पोचलंय, कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये याबाबत आदेश काढला.

दादाला भीती वाटते की असा कागद दाखवला तर हॉस्पिटलवाले उपचारच सोडून देतील. तसं होत नाही. उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस उठून घरी येणार असेल, तर तो लावायचाच, तिथे हा कागद लागूच होत नाही. आजार असाध्य आहे, सुधारण्याची आशा नाही आणि पेशंटला स्वतः निर्णय घेता येत नाही, अशाच वेळी तो उघडायचा. तेव्हाही एकट्या डॉक्टरचं चालत नाही. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ तपासतात. मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि आधार काढण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. आणि काही झालं तरी दुखणं कमी करणं, अंग पुसणं, कूस बदलणं, जवळ बसणं हे थांबत नाही. मरणाचं इंजेक्शन देणं आपल्याकडे गुन्हाच आहे, त्याचा इथे प्रश्नच नाही.

बाबा, विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध नाकारलं, ते तुम्ही किती आदराने सांगता. त्यांना निदान स्वतः बोलता आलं. आयसीयूत ती सोय नसते. आणि आई, सिद्धेश्वर बघून घेईल हे खरंच, पण दारात सही आम्हालाच मागतात गं.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मी येतेय, रजा टाकलीय. तोपर्यंत दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता लिहा. हृदय बंद पडलं तर छाती दाबून परत चालू करायचा प्रयत्न हवा का? नाकातून नळीने अन्न? डायलिसिस? शेवटचे दिवस घरी की हॉस्पिटलमध्ये? तुम्हा दोघांची उत्तरं वेगळी निघाली तरी चालतील. आईने "सगळं करा, काही सोडू नका" असं लिहिलं, तर तेही मी तितक्याच निष्ठेने पाळीन. मन बदललं तर लेखी कळवून केव्हाही रद्द करता येतं.

तुमच्या वतीने बोलायला एकाहून जास्त नावं देता येतात. माझं आणि दादाचं, दोघांचंही घाला, नुसतं एकमेकांचं नको. दादाचं आधी लिहा, रात्री-अपरात्री तोच पोचणार. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. शेजारचे कुलकर्णीकाका आणि बाबांच्या शाळेतले कुणी चालतील का, विचारून ठेवा. नोटरीचं कोर्टाजवळ होईल. एक प्रत आपल्या फॅमिली डॉक्टरांना द्यायची. एक महापालिकेत, कारण राज्य सरकारने हे कागद सांभाळायला स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमलेत. सोलापुरात ते कोण, हे दादा महापालिकेच्या इंद्रभुवनला जाऊन विचारून येईल, मी त्याला सांगितलंय. एक प्रत माझ्याकडे.

आई, शेंगाचटणी संपली आहे. येताना घेऊन जाईन, पाठवू नकोस. बाबा, बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंय, तेही त्याच फेरीत विचारा.

तुमची,
वृंदा