एक घर पाडताना शेजारच्या भिंतीचे काय?

महोदय,

मुंबईच्या भुलेश्वर, काळबादेवी, गिरगावात एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या कातीव कठड्यांचे कौतुक होते. ज्या सामाईक भिंतीवर ती तोलली आहेत तिचे नावही निघत नाही. १८०३च्या आगीत कोटातली (आजच्या फोर्ट भागातली) वस्ती जळाली, लोक बाहेर सरकले आणि तोंड अरुंद, आत खोल अशा जागांवर भिंतीला भिंत लावून घरे उठत गेली. सागाची तुळई जेवढा गाळा (दोन भिंतींमधले अंतर) पेलेल तेवढी घराची रुंदी. (लंडनमध्ये १६६६च्या आगीनंतर या मधल्या भिंतीची जाडीसुद्धा कायद्याने ठरवली.)

अशा भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया टेकलेल्या असतात. एक घर पाडले की त्याच्या तुळयांच्या खोबणी उघड्या पडतात आणि कधीच पाऊस न पाहिलेली भिंत थेट झोडपली जाते. मग घाईने सिमेंटचा गिलावा होतो. नुकसान इथेच होते! चुन्यातल्या विटांची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. ओल शेजारच्या घराच्या तुळईच्या टोकाशी साचते, लाकूड सडते, वाळवी लागते. गिलावा वरून धड दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. टोकाजवळ हातोडी मारली तर आवाज बद्द येतो, पेचकस सहज आत जातो.

हे टाळता येते. पाडकामाआधी शेजारच्या घरात तळमजल्यापासून प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक टेकू द्यावेत. वरचा टेकू खालच्याच्या रेषेत नसेल तर भार खाली न पोचता मधल्या मजल्यावरच येतो. भिंतीला बाहेरून तिरके धिरे (आधाराचे वासे) लावावेत. तुळया हिसकून काढू नयेत, भिंतीलगत कापाव्यात. उरलेले तुकडे एकेक करून काढावेत आणि प्रत्येक खोबण लगेच विटा-चुन्याने भरावी. भिंतीचा माथा झाकून पाणी बाहेर टाकणारी कड ठेवावी. गिलावा एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, त्यात थोडी सुर्खी (विटांची भुकटी), असा पातळ थरांत द्यावा. चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे मेअखेर हात घालणे व्यर्थ. उशीर झालाच तर पत्रे लावावेत, पण भिंतीपासून दोन इंच सोडून, म्हणजे हवा खेळेल.

पाडकामाची परवानगी देताना शेजारच्या भिंतीच्या संरक्षणाचा आराखडा आणि त्याचा खर्च कोण करणार, हे लेखी घेतले जावे. पावसाळ्यात पाडकाम सुरू करण्यास मनाई असावी.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई