सूचना : बाकावरच्या खेळाडूंसाठी

सर्व खेळाडूंना कळवण्यात येते की, नव्या प्रशिक्षकांच्या मते केवळ अकरा जणांवर हंगाम निघत नाही. फुटबॉलमध्ये वरच्या स्तरावर 2022 पासून पाच बदली खेळाडूंची मुभा कायम झाली, आपल्या स्पर्धेतही पाचच आहेत; तरी गेल्या सामन्यात आपण दोनच उतरवले. सत्तराव्या मिनिटाला डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) पोटरी धरून खाली बसला, त्याच्या जागी कडेने चढाई करणाऱ्या विंगरला मागे ओढावं लागलं आणि गोल नेमका त्याच बाजूने बसला.

आता प्रत्येक जागेसाठी दोघे तयार करायचे आहेत. बुधवारी साडेसहाच्या सरावाला राखीव खेळाडूंनीही पूर्ण किटमध्ये यावे. आपली दुसरी जागा कोणती, ते आधीच कर्णधाराला सांगा. ‘कुठेही खेळतो’ हे उत्तर चालणार नाही!

गोलरक्षक एकच आहे, तोही सर्दीने बेजार. हातमोजे घालायची हौस असेल त्याने आजच कळवावे.

– सचिव