दीर्घिकेचे अंतर: मोजलेले की अंदाजे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमुक अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिका सापडली' अशा बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. पण तो आकडा वर्णपटातून (तरंगलांबीनुसार फोडलेल्या प्रकाशातून) आला की नुसत्या छायाचित्रांतून, हे त्यात क्वचितच असते. फरक किरकोळ नाही. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या २०२२ च्या छायाचित्रांवरून 'सीअर्स-९३३१६' या दीर्घिकेची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूर) १६ च्या आसपास धरली गेली होती. पुढच्या वर्षी वर्णपट घेतला तेव्हा ती निघाली ४.९! तिच्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा (त्या वायूंनी ठराविक तरंगलांबींवर सोडलेला उजेड) इतक्या प्रखर होत्या की काही फिल्टरांत उजेड फुगला आणि रंगांनी चकवले.

वर्णपटातही एकट्या रेषेवर विसंबता येत नाही. समजा, १३१२.६ नॅनोमीटरला एक रेषा दिसली. ती मुळात हायड्रोजनची ६५६.३ ची असेल तर तरंगलांबी दुप्पट झाली, म्हणजे ताम्रसृती १; ऑक्सिजनची ३७२.७ ची असेल तर २.५२. म्हणून जोडीदार शोधायचा. ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ या रेषा कायम एकास तीन अशा तेजाने येतात. ती जोडी दिसली की शंका मिटते. 'जेड्स-जीएस-झेड१४-०' या दीर्घिकेची ताम्रसृती २०२४ मध्ये १४.३२ दिली गेली, ती रेषेवरून नव्हे, तर वर्णपट जिथे तुटतो (त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश येतच नाही) त्या कडेवरून. ही कड हायड्रोजन वायूमुळे बोथट होते. पुढे चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीला ऑक्सिजनची रेषा मिळाली आणि आकडा १४.१८ वर आला.

मोजली जाते ती ताम्रसृती. अंतर हा विश्वाच्या प्रसरणाचे प्रारूप धरून केलेला हिशेब. याच दीर्घिकेचा प्रकाश सुमारे साडेतेरा अब्ज वर्षे प्रवास करून आला, पण ती आज आहे सुमारे ३४ अब्ज प्रकाशवर्षांवर. बातमीत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. ताम्रसृती छापली तर वाद उरत नाही.

'वर्षाला इतके सूर्य जन्मतात' हा आकडा तर आणखी नाजूक. तो बहुधा हायड्रोजनच्या ६५६.३ च्या लाल रेषेच्या तेजावरून काढतात, कारण तिला पेटवणारे अजस्र तारे जेमतेम एक कोटी वर्षे जगतात, म्हणजे ती ताज्या जन्मांचीच खूण. वाटेतली धूळ हायड्रोजनचीच ४८६.१ ची निळसर रेषा जास्त गिळते. धूळ नसेल तर लाल रेषेचे निळसर रेषेशी गुणोत्तर २.८६ असते, ४ आले तर लाल रेषेचा मूळ प्रकाश दिसतो त्याच्या दुपटीहून अधिक धरावा लागतो. शेजारची नायट्रोजनची ६५८.३ ची रेषा कमी विभेदनात (जवळच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत तेव्हा) लाल रेषेतच मिसळते आणि तेज उगाच वाढवते. वेबच्या वर्णपटमापकात प्रकाश आत घेणारी एकेक झडप आकाशाचा जेमतेम ०.२ बाय ०.४६ कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडा पाहते, तेव्हा दीर्घिकेचा बाहेर राहिलेला प्रकाश छायाचित्राशी ताडून भरून काढावा लागतो. केंद्रात कृष्णविवर वायू गिळत असेल तर तीच रेषा ताऱ्यांविनाही उजळते. आणि मुळात अंतर चुकले असेल, तर हा आकडा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चुकतो.

— खगोलशास्त्राचे काही अभ्यासक, पुणे