समुद्रातला देश आणि डिझेलचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी माझा पुतण्या बाणेरच्या एका हॉटेलातले सादरीकरण ऐकून थेट सहकारनगरला माझ्याकडे आला. हिंजवडीत नोकरी, शिवाय दोन मित्रांबरोबर परदेशी गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर लिहून देण्याचा छोटा धंदा. हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक. खोल समुद्रात तरंगता ‘देश’ उभा राहणार, कंपनी तिथे नोंदवा, सर्व्हर तिथे ठेवा, कर नाही, कुणाचा कायदा नाही, नागरिकत्वाचा पहिला हप्ता आत्ताच भरा. “काका, तुम्ही एकतीस वर्षं बोटीवर होतात, तुम्हाला तरी हे पटेल,” तो म्हणाला. मला पटले नाही. का पटले नाही, ते पुण्यातल्या त्याच्यासारख्या इतर मुलांनाही कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मरीन इंजिनिअर. नोकरीची शेवटची वर्षे अरबी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मना सामान पोचवणाऱ्या सप्लाय बोटीवर गेली. समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या जागेत माणसे राहतात म्हणजे नक्की काय होते, ते मी खालून, इंजिन रूममधून पाहिले आहे. डिझेल आम्ही न्यायचो. पिण्याचे पाणी, भाजी, औषधे, दुरुस्तीचे सुटे भाग, सगळे आम्हीच न्यायचो आणि परत येताना त्यांचा कचरा आणायचो. एका जून महिन्यात आम्ही सलग तीन दिवस एका प्लॅटफॉर्मशेजारी डोलत उभे होतो. लाटा इतक्या होत्या की क्रेनवाल्याला हूक खाली सोडता येईना. डेकवरचे टोमॅटो आणि पालक डोळ्यांदेखत सडले. वरची माणसे डाळ-भात खाऊन दिवस काढत होती आणि वायरलेसवर रोज एकच विचारत होती: आज तरी जमेल का?

खारे पाणी गोडे करता येते, पण त्याच्या पंपांना वीज लागते, विजेला जनरेटर लागतो आणि जनरेटरला पुन्हा डिझेल. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या पाइपात शिंपले, कालवे वाढतात, ती खरवडावी लागतात. लोखंड सगळ्यात लवकर खाल्ले जाते ते लाटा आपटून सतत ओले-कोरडे होत राहते त्या पट्ट्यात. तिथेच काम करणे सर्वांत अवघड असते. गोदीत नेऊन दोन दिवसांत होणारे वेल्डिंगचे काम समुद्रात हवामानाची वाट पाहत महिनाभर रखडते. माहितीपत्रकात चकचकीत घुमटांची चित्रे आहेत. या खर्चाचे एक पानही नाही.

आणि आजारी माणूस? मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय नॉर्थ या तेलाच्या प्लॅटफॉर्मची २७ जुलै २००५ ची दुर्घटना आठवा. जवळच्या एका बोटीवरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येईना. त्याला प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी बोट जवळ आली, वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपावर आदळली, गळतीने आग लागली आणि सगळा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसे गेली. मागे तेल कंपनीची पूर्ण यंत्रणा, नौदल आणि तटरक्षक दल उभे होते, म्हणून ३६२ जण वाचले. चार तरुणांच्या ‘देशा’मागे कोण उभे राहणार?

पुतण्याने सीलँडचे नाव घेतले, माहितीपत्रकात तेच पहिले उदाहरण आहे. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून सुमारे सात सागरी मैलांवर दुसऱ्या महायुद्धातला एक सागरी किल्ला आहे: दोन पोकळ काँक्रीटचे खांब आणि वर आपल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीएवढा चौथरा. १९६७ मध्ये रॉय बेट्स यांनी त्यावर ताबा मिळवून देश घोषित केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोर्टाने ती जागा आपल्या हद्दीबाहेर असल्याचे म्हटले, कारण तेव्हा सागरी हद्द तीन मैलांची होती. इथवर सगळे जण सांगतात. १९८७ मध्ये ब्रिटनने ती बारा मैलांपर्यंत वाढवली आणि किल्ला हद्दीच्या आत आला, हे मात्र कुणी सांगत नाही. २००० मध्ये तिथे हेवनको नावाची सर्व्हर ठेवणारी कंपनी सुरू झाली, अगदी या पत्रकातलीच कल्पना. गिऱ्हाइके मोजकीच मिळाली, त्यांतली बरीचशी ऑनलाइन जुगाराची. २००८ पर्यंत सगळे गुंडाळले गेले. मधल्या काळात, २००६ च्या जूनमध्ये, तिथल्या जनरेटरपाशी आग लागली. तिथल्या माणसाला उचलून नेले ब्रिटिश हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने, इप्सविचच्या इस्पितळात. आग विझेपर्यंत थांबली ती हार्विच बंदरातली टग, म्हणजे ओढबोट. त्या दिवशी ‘परदेश’ मदतीला आला म्हणून माणूस जगला. यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या किनाऱ्याचा कायदा नको म्हणता, त्याच किनाऱ्यावर जीव टांगलेला असतो.

इटलीत रिमिनीसमोर ज्योर्जो रोझा या इंजिनिअरने १९६८ मध्ये ४०० चौरस मीटरचा प्लॅटफॉर्म बांधून स्वातंत्र्य जाहीर केले. दोन महिन्यांच्या आत पोलीस चढले आणि १९६९ च्या फेब्रुवारीत नौदलाने तो सुरुंगांनी उडवला. २०१९ मध्ये फुकेतजवळ एक जोडपे अशाच तरंगत्या घरात राहिले. थायलंडच्या नौदलाने ते घर ओढून किनाऱ्यावर आणले. देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का दिल्याचा आरोप झाला. तिथे त्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे.

कायदा मी थोडक्यात सांगतो, कारण बोटीवरच्या प्रत्येकाला तो रोज भेटतो. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, कृत्रिम बेट बांधायची परवानगी फक्त किनाऱ्यावरचा देश देतो. आपला कायदा १९७६ चा आहे, संयुक्त राष्ट्रांचा करार १९८२ चा. मुंबईच्या पश्चिमेला त्यापलीकडे पाणी हजारो मीटर खोल, तिथे खांब रोवता येत नाहीत. मग ते तरंगवावे लागते, आणि तरंगणाऱ्या गोष्टीला कुठल्या तरी देशाचा झेंडा, म्हणजे तिथली नोंदणी, लागते. बिनझेंड्याच्या बोटीवर कुठल्याही देशाची युद्धनौका तपासणीला चढू शकते. झेंडा घेतला की त्या देशाचे नियम आले, बोट तपासणारे सर्वेअर आले, विमा आला. विम्याची गोष्ट तर ताजी आहे. २०२० मध्ये अशाच मंडळींनी एक जुनी क्रूझ बोट घेऊन तिचे नाव एमएस सातोशी ठेवले, पनामाजवळ नांगरून तिचे तरंगते गाव करायचे ठरवले. विमा मिळाला नाही. काही आठवड्यांतच बोट विकायला काढावी लागली.

आता कर. कमी कर भरावा असे वाटणे गैर नाही, मीही सीडीसीवरचे, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीवरचे, शिक्के मोजून करासाठी अनिवासी ठरावे म्हणून १८२ दिवसांचा हिशेब ठेवत आलो. पण पुतण्या राहतो बाणेरमध्ये. भारतातल्या निवासी माणसाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते आणि परदेशी खाते विवरणपत्रात दाखवावेच लागते. लपवले तर २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा आहे. कुठल्याच देशात करदाता नसलेला भारतीय नागरिक व्हायचे ठरवले, तरी २०२० पासून, इथले उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल तर सरकार त्याला निवासीच मानते. त्याची खरी अडचण मी खोदून विचारली, तेव्हा कळले की परदेशी बिलांवर जीएसटी भरावा लागतो अशी त्याची समजूत होती. निर्यातीला शून्य दर आहे, एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचे हमीपत्र, भरून काम होते. हे त्याला कुणीच सांगितले नव्हते, आणि त्यासाठी तो देश बदलायला निघाला होता!

येत्या शनिवारी ते लोक पुन्हा येणार आहेत. मी पुतण्याबरोबर जाणार आहे. झेंडा कुठल्या देशाचा, विमा कुणाचा, जुलैमध्ये डिझेल कुठल्या बंदरातून येणार आणि रात्री कुणाचे अपेंडिक्स दुखले तर त्याला कुठे नेणार, एवढे मी विचारणार आहे. उत्तरे लेखी मिळेपर्यंत हप्ता भरायचा नाही, असे पुतण्याने आपल्या काकूसमोर कबूल केले आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर
सहकारनगर, पुणे