वस्त्रसंग्रहालयात भोंगा वाजता हवा

महोदय,

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरील महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाबद्दल हे पत्र. चिमणी आणि साचे (कापड विणायचे माग) जपले की गिरणगावचा इतिहास जपला गेला, असे होत नाही.

वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावी लोखंडाचा कारखानदार विल्यम क्रॉशे (दुसरा) याने १८२४-२५ साली, खिडकीतून आपल्याच भट्ट्या दिसतील अशा जागी, किल्ल्यासारखा वाडा बांधला: कव्हार्थव्हा कॅसल. १९१० पासून तिथे गावाचे संग्रहालय आहे. वरच्या दालनांत वैभव आणि चित्रे, तळघरात कामगारांचे जिणे. १८३१ मध्ये याच क्रॉशेने मजुरी कापली आणि गाव पेटले. तो उठावही त्याच्याच घरात मांडलेला आहे. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आपल्याकडे असाच, गिरणीच्या भिंतींच्या आत, सविस्तर सांगितला गेला पाहिजे.

त्या संग्रहातली एक वस्तू परळ-लालबागकरांना लगेच ओळखू येईल: शेजारच्या डाउलाइस कारखान्यातली १८३३ ची वाफेची शिट्टी. बॉयलरमधले पाणी घटले की उघडा पडलेला पत्रा तापून नरम होतो आणि बॉयलर फुटतो. तसा स्फोट झाल्यावर अ‍ॅड्रियन स्टीफन्स या तिथल्या अभियंत्याने पाण्याच्या किमान पातळीपर्यंत एक नळी सोडली. पाणी त्याखाली गेले की नळीत वाफ शिरते आणि शिट्टी वाजते. पाळीचा भोंगा तिचाच वंशज. म्हणून भोंगा काचेत ठेवू नये. दाबाच्या हवेवर तो रोज ठरलेल्या वेळी वाजवावा, शेजारी नळीचे छेदचित्र लावावे.

जपणुकीत मात्र गिरणीची सवय सोडावी लागेल. साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. संग्रहालयात आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की कापडाला बुरशी आणि लोखंडाला गंज. साच्यांचे तेल जवळच्या कापडावर डाग पाडते, म्हणून कापड वेगळ्या बंद दालनात, ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) कमी, म्हणजे मंद उजेडात ठेवावे आणि काही महिन्यांनी बदलावे; उडालेला रंग परत येत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे विजेचे बिल वाचवायला रात्री एसी बंद करणे. पावसाळी दमट हवा आत येते, थंड लोखंडावर पाणी धरते. कापडाच्या दालनात आर्द्रताशोषक यंत्र चोवीस तास चालू हवे. साचे मात्र हवेशीर शेडमध्ये, मेणाचा थर देऊन, एसीविना ठेवलेले बरे.

– गिरणगावच्या इतिहासाचे अभ्यासक, परळ